निळी बशी

“भोपळ्या, पळ! मावशी भडकलीये!”

दादा ओरडला, पण ठमीचे पाय जागीच खिळले. सुट्टी लागल्यापासून दादा, ठमी आणि भोपळ्या अशी तिघं मावशीच्या प्रयोगशाळेत लुडबुडत होती. मावशीने जिवाणूंमध्ये रंगाचं जनुक बसवलं होतं. पाण्यात तांबं जास्त असलं, की ते जागं व्हायचं आणि बशीतले पांढरे ठिपके निळे पडायचे. आज मात्र तुलनेसाठी ठेवलेली शुद्ध पाण्याची बशीसुद्धा निळीशार!

“चाळे करणारा दुसरा कोण असणार?” मावशी दादावर उखडली. “उद्यापासून इथे पाऊल टाकायचं नाही! जिवाणू बिघडले. नष्ट करावे लागणार सगळे. वर्षभराची मेहनत गेली!”

“मी हातसुद्धा लावला नाही गं!” दादा रडकुंडीला आला.

काल सकाळी शुद्ध पाण्याची बाटली ठमीच्याच हातून लवंडली होती. बोलणी बसतील म्हणून तिने ती नळाखाली भरून गुपचूप जागेवर ठेवली. पाणी ते पाणी, कोणाला कळतंय! आता तिला दादाकडे बघवेना. मावशीने ब्लीचची बाटली उघडली.

“थांब! शुद्ध पाण्याच्या बाटलीत नळाचं पाणी आहे! मी भरलं!” ठमी ओरडली.

मावशी बघतच राहिली. “म्हणजे जिवाणू ठणठणीत आहेत! तांबं आपल्या नळात आहे!”

“बाप रे! आपण तेच पितो की!” भोपळ्याने पोट धरलं.

मग काय, नळाला जिथून पाणी येतं त्या टाकीचं आणि विहिरीचं पाणी पोरांनी आणलं, मावशीने तपासलं. दुसऱ्या दिवशी विहिरीची बशी सर्वांत गडद! विहिरीमागच्या झुडपात शिरल्यावर दादाला एक नळी सापडली, थेट शेजारच्या तांब्याचा मुलामा चढवणाऱ्या कारखान्यातून आलेली.

“छे छे! आमचं पाणी एकदम स्वच्छ!” मावशीने गल्लीदेखत जाब विचारला, तेव्हा कारखानदार हसले.

“मग घ्या काका, दमला असाल!” भोपळ्याने विहिरीच्या पाण्याचा पेला पुढे केला.

काका दोन पावलं मागे सरकले. सगळ्या गल्लीने ते पाहिलं! संध्याकाळच्या आत नळी बंद झाली, विहिरीला कुलूप लागलं.

“शाब्बास, पोरांनो!” मावशीने तिघांची पाठ थोपटली. ठमीला ती थाप चटका बसल्यासारखी लागली.

“दादा, चुकलं माझं. तू उगाच बोलणी खाल्लीस.”

“खाल्ली खरी,” दादा म्हणाला. “पुढच्या वेळी जरा लवकर निळी पड!”

ठमी हसली, पण डोळे भरून आलेच. मग तिने बाटली उचलली आणि शुद्ध पाणी भरून आणायला गेली.