नऊ भित्रे लांडगे

"डावीकडे! मुंगे, डावीकडे बघ!"

"बघतेय! कानात ओरडू नकोस!"

"ताई, शेवटचा थेंब उरलाय! एकच थेंब!"

मुंगीला ते दिसत होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात जीवाचे पाच लाल थेंब असतात, त्यातले चार केव्हाच गेले होते. समोर लाकडी पूल, पुलावर शेवटचा, नववा लांडगा. तिने दात-ओठ खाऊन माऊस दाबला. काठी फिरली. लांडगा धाडकन नदीत पडला!

"जिंकले! मी पूल जिंकले!" मुंगी खुर्चीवरून उठून नाचायला लागली. तिच्या आठ वर्षांच्या भावाला, लिंबूला, नाचायला कारण लागत नाही. तोही नाचला.

आतल्या खोलीतून मामा धावत आला. त्याने भाचीला उचलून गरकन फिरवलं. "शाबास! नऊच्या नऊ? शाबास गं माझी वाघीण!"

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या भाड्याने घेऊन मामा तिथे व्हिडिओ गेम बनवायचा. नव्या गेमचं नाव होतं 'रानबेट'. या बेटावर अमुकच करा असं कुणी सांगत नाही. घर बांधा, झाडं लावा, बोगदा खणा, नाहीतर पूल ओलांडून पलीकडच्या डोंगरावर जा. पूल मात्र लांडग्यांचा. सुट्टी लागताच मामाने तीन पोरांना तीन खुर्च्यांवर बसवलं होतं. "खेळा आणि काय चुकतंय ते सांगा," एवढंच काम! एक नंबरवर मावशीचा मुलगा वस्ताद, दोनवर मुंगी, तीनवर लिंबू. समोरच्या भिंतीवर मामाने स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलं होतं, 'बेट सगळ्यांना सारखं.'

मुंगी बारा वर्षांची. धावण्यात शेवटून दुसरी, चित्रकलेत जेमतेम, गाण्यात तर बाईंनीच 'तू नुसते ओठ हलव' असं सांगितलेलं. आपण कशात तरी पहिलं यावं, हे तिच्या मनात फार दिवसांपासून होतं. आज ती आली होती. वस्ताद चार दिवस याच पुलावर अडकला होता आणि तिने पूल पार केला होता!

वस्ताद नाचला नाही. तो तेरा वर्षांचा, खेळांतला किडा, आणि त्याला हरायची सवय नव्हती. त्याच्या स्क्रीनवर त्याचा गडी पुन्हा एकदा पुलावर आडवा पडला होता.

"मुंगे, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"रागावणार. पण सांग."

"तुझे लांडगे चुकतात. माझे चुकत नाहीत."

"जळतोस!" मुंगी फणकारली. "हरलास म्हणून माझे लांडगे वाईट काय?"

"वाईट नाहीत," लिंबू मध्येच म्हणाला. "ताईचे लांडगे भित्रे आहेत. परवा तू पाणी प्यायला गेलीस ना, तेव्हा एक आला होता. तू नव्हतीस, तरी त्याला तुला चावताच येईना. मी किती वेळ बघत बसलो होतो. मज्जा!"

आतल्या खोलीत मामा फोनवर होता. खालच्या दुकानातून चाकात हवा भरल्याचा फुस्स फुस्स आवाज येत होता. मुंगीने आपला गडी पुन्हा पुलावर नेला.

"वस्ताद, घड्याळ लाव," ती म्हणाली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

पहिला लांडगा आला, चावला. एक थेंब गेला. दुसरा, तिसरा, चौथा थेंब गेला. शेवटचा थेंब उरला आणि लांडगा एकदम वेंधळा झाला. उडी मारली ती कठड्यावर. चावला तो हवेला. मागून बाकीचे आठ आले. तेही गोल गोल फिरायला लागले. एक मिनिट झालं, तीन झाली. मुंगीचा गडी पुलाच्या मधोमध नुसता उभा होता आणि नऊ लांडगे मिळून त्याला मारू शकत नव्हते.

"दहा मिनिटं," वस्ताद हळू आवाजात म्हणाला. जिंकल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. मुंगीकडे बघून त्याला कसंतरीच वाटत होतं.

मघापासून मुंगी मनातल्या मनात हीच लढाई आईला, शेजारणीला, वर्गातल्या मुलींना सांगत होती. त्यातलं तिचं काय होतं? काहीच नाही.

"खुर्च्या बदलू," ती म्हणाली.

वस्ताद दोन नंबरवर हाताची घडी घालून बसला. मेला नाही! मुंगी एक नंबरवर बसली आणि जीव तोडून लढली. सात सेकंदांत खेळ खलास! पुन्हा खेळली. सहा सेकंद.

"म्हणजे तू नाहीस आणि मीही नाही," वस्ताद म्हणाला. "खुर्ची आहे!"

मुंगी तडक आत गेली. फोन ठेवता ठेवता मामा हसला. "काय वाघीण?"

"मामा, माझे लांडगे आणि वस्तादचे लांडगे सारखेच आहेत ना?"

मामाने कप उचलला, त्यात चहा नव्हता, तरी एक घोट घेतला. "म्हणजे काय! भिंतीवर लिहिलंय ना? मी खेळात खोटं बोलत नाही, तुला माहितेय."

माहीत होतं. आता तिला नवीनही काहीतरी माहीत झालं होतं. हरल्यावर वाईट वाटतं, पण आवडत्या माणसाला तोंडावर खोटं बोलताना पाहिल्यावर जे वाटतं ते फार वेगळं असतं. ती "बरं" म्हणून बाहेर आली आणि गच्चीच्या जिन्यात जाऊन भरपूर रडली. मग नाक पुसून परत आली.

"आता हेडफोनकाका," ती म्हणाली.

हेडफोनकाका म्हणजे मामाचे प्रोग्रामर. हेडफोन कायम गळ्यात, कानावर कधीच नाही. रानबेटातला प्रत्येक लांडगा त्यांच्या हातचा. त्यांना सरळ विचारलं असतं तर त्यांनीही रिकामा कप तोंडाला लावला असता.

"काका," मुंगी भोळा चेहरा करून म्हणाली, "दोन नंबरचे लांडगे बिघडलेत. वस्ताद म्हणतो, लांडगे बनवणाऱ्याला काम येत नाही."

"मी कधी म्हट..." वस्तादच्या पायावर मुंगीचा पाय पडला. "हो. म्हटलं मी."

काका ताठ झाले. "बिघडलेत? माझे लांडगे? अरे, तीन महिने खपलोय त्यांच्यावर! मुद्दाम चुकतात ते, मुद्दाम! इतकं नैसर्गिक चुकतात की कुणाच्या बापाला कळणार नाही!"

"छे, कसं शक्य आहे?"

"ये, दाखवतो." काकांनी स्क्रीन वळवली. "पहिल्या अर्ध्या तासात खेळाडू किती वेळा मेला ते गेम मोजतो. पाचापेक्षा जास्त वेळा मेला की तो कच्चा. कच्च्याच्या शेवटच्या थेंबाला कुणी हात लावत नाही आणि त्याची काठी दुप्पट लागते. एकदाही मेला नाही की तो पक्का. तो जितका चांगला खेळेल तितके त्याचे लांडगे चपळ होतात."

"म्हणजे मी चार दिवस..." वस्तादचा आवाज चढला. "मी शिकलो की तेही शिकणार? मग मी जिंकायचं कधी?"

"तुला कंटाळा येऊ नये म्हणून रे!"

"आणि कच्चा कोण?" मुंगीने विचारलं.

"खुर्ची दोन. पहिल्या अर्ध्या तासात सात वेळा मेली. सातही वेळा विहिरीत!"

"विहिरीत? मी कधीच विहिरीत..." मुंगी थांबली. पहिल्या दिवशी तीन नंबरच्या कॉम्प्युटरची वायर सापडत नव्हती. ती मामाबरोबर वायर शोधत होती आणि तिच्या खुर्चीवर... दोघांनी एकदमच लिंबूकडे पाहिलं.

"मी उड्या मारत होतो," लिंबू म्हणाला. "पाणी काय छान उडतं!"

वस्तादला हसू आवरेना. मुंगीलाही आलं असतं, पण स्क्रीनच्या कडेला एक निरोप उघडाच राहिला होता. मामाने काकांना पाठवलेला. 'दोन नंबरला कळू देऊ नका. पोरगी खूश आहे. परवा मॅडमसमोर तिलाच खेळवू.'

तेव्हा कुठे काकांना कळलं आपण काय बोलून बसलो ते. त्यांनी घाईघाईने हेडफोन चक्क कानावर चढवले.

"मॅडम म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या," वस्ताद जिन्यात म्हणाला. "त्यांना मामा सांगणार की साधी मुलगीसुद्धा नऊ लांडगे मारते. आणि साधी मुलगी कोण, तर तू."

"खेळीन ना मी," मुंगी म्हणाली. "अगदी झकास खेळीन."

तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या. केस पांढरे, बोलणं मोजकं. मामाने नवा शर्ट घातला होता. "ही माझी भाची. तीन आठवड्यांपूर्वी हिला माऊससुद्धा नीट धरता येत नव्हता. आता बघा! मुंगे, दाखव गं पूल!"

मुंगीने गडी पुलाच्या मधोमध नेला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

लांडगे आले. चार थेंब गेले. मग एकाने कठड्यावर उडी मारली, एकाने हवेचा चावा घेतला.

"अगं, खेळ ना!" मामा कुजबुजला.

"ही खेळत का नाहीये?" मॅडमनी विचारलं.

"मी तीन आठवडे अशीच खेळतेय," मुंगी म्हणाली. "फक्त मला माहीत नव्हतं."

ती मामाकडे वळली. "मामा, तू मला उचलून फिरवलंस. शाबास म्हणालास. कुणाला म्हणालास? ती शाबासकी माझी होती की खुर्चीची? मी सरळ विचारलं तेव्हाही तू खोटं बोललास!"

मामा कानापर्यंत लाल झाला. "अगं, तुझ्यासाठीच... कच्चे खेळाडू दोन दिवसांत कंटाळून सोडून जातात. सोपं करावं तर पक्के नावं ठेवतात. एकाच बेटावर दोघांना कसं नांदवायचं, सांग ना!"

"न सांगता नांदवायचं नाही!" वस्ताद म्हणाला. "मी चार दिवस स्वतःलाच मूर्ख समजत होतो."

"आणि आधी खुर्चीवर कोण बसलंय ते तरी बघायचं," मुंगी म्हणाली. मग मॅडमना विहिरीची गोष्ट सांगावी लागली. लिंबूने ती उड्यांसकट सांगितली. मॅडमचे ओठ हलले, पण त्या हसल्या नाहीत.

"माझे वडील माझ्याशी बुद्धिबळ खेळताना मुद्दाम हरायचे," त्या म्हणाल्या. "दहा वर्षांची असताना मला ते कळलं. त्यानंतर मी पटाला हात लावला नाही." त्या मुंगीकडे वळल्या. "चूक दाखवलीस, छान. आता उपाय सांग. काय करावं यांनी?"

मुंगी गडबडली. इतका विचार तिने केलाच नव्हता. ती रागातच गुंतली होती.

"माझ्या बागेत लांडगे येत नाहीत," लिंबू म्हणाला. "मी काटेरी कुंपण लावलंय. सगळीकडे. नदीच्या कडेकडेने पार डोंगरापर्यंत. फार वेळ लागतो, पण मला झाडं लावायला आवडतं."

"डोंगरापर्यंत?" काकांनी हेडफोन काढले. "पूल न ओलांडता?"

"पूल कशाला? पुढे नदी उथळ आहे."

मुंगीने भावाच्या पाठीत धपाटा घातला, प्रेमाचा. "हेच! मामा, पूल सगळ्यांना एकच ठेव. खरा. ज्याला पूल नको त्याला लांबची वाट असू दे. कुंपण लावावं, बोगदा खणावा, रमतगमत पोचावं. आणि ज्याला मदत हवी त्याने स्वतः मागावी. कुठून मागायची ते समोर लिहिलेलं असू दे. गुपचूप काही नको."

मॅडमनी वही मिटली. "महिनाभर थांबते मी. हे सगळं करून दाखवा. आणि भिंतीवरचा तो कागद तोवर काढून ठेवा." जाता जाता त्यांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "हुशार आहात. तुमच्यामुळे मी एक खोटी वस्तू विकता विकता वाचले."

मुंगीला बरं वाटलं, पण थोडंसंच.

मामाने कागद काढला. त्याची घडी करत तो तिच्यासमोर खाली बसला. "चुकलं माझं. कुणी तुला जिंकताना पाहिलं नव्हतं गं. मला फार आवडायला लागलं ते पाहायला."

"मलाही आवडलं होतं," मुंगी म्हणाली. "म्हणूनच राग आलाय. अजून गेलेला नाही."

"नको जाऊ दे लगेच," मामा म्हणाला.

आठवड्याभरात खरा पूल तयार झाला. पहिल्या दिवशी मुंगी पहिल्याच लांडग्याला बळी पडली. आठव्या सेकंदाला! वस्ताद सहाव्यापर्यंत पोचला आणि आनंदाने दुकानातली माणसं वर येतील इतकं ओरडला. लिंबू डोंगरावर केव्हाच पोचला होता. तिथे तो विहीर खणत होता.

चौथ्या दिवशी मुंगीच्या लक्षात आलं की लांडगा झेप घ्यायच्या आधी कान मागे पाडतो. तिने वाट पाहिली. कान पडले, ती बाजूला सरकली, काठी फिरली. धाडकन! दुसऱ्याचेही कान पडले. धाडकन! तिसऱ्याने मात्र तिचा शेवटचा थेंब खाल्ला आणि तिचा गडी पुलावर आडवा झाला.

ती तशीच स्क्रीनकडे बघत बसली. नऊपैकी फक्त दोन! पण ते दोन तिचे होते, कुणी दिलेले नव्हते.

मागे मामा उभा होता. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "मुंगे, आता शाबास म्हणू का?"

तिने डोळे पुसले आणि गडी पुन्हा पुलाच्या तोंडाशी नेला.

"अजून नको," ती म्हणाली. "तिसरा पडू दे. मग म्हण."