वरचं बटण

शाळेची सहल कुठलीही असो, ड्रायव्हरनं बस लावायची, टायरला एक लाथ मारून बघायची आणि मुलं परत येईपर्यंत गाडीपाशीच थांबायचं. हा नियम त्यानं आजवर मोडला नव्हता. पण आज विद्यापीठ बघायला आलेल्या मुलांत त्याची स्वतःची लेक होती. घरात तिला सगळे ठकी म्हणत. येताना इथे शिकायची तिची बडबड ऐकून त्यानं आरसा दुसरीकडे वळवला होता, कारण शाळा संपली की ठकीनं मामाच्या दुकानात बसायचं, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. फक्त तिला सांगायचं राहिलं होतं.

सगळे उतरले तेव्हा सीटवर ठकीचा डबा दिसला.

"एक दिवस डोकं विसरून येईल ही," असं पुटपुटत तो डबा घेऊन निघाला.

विज्ञानाच्या इमारतीच्या दारातला पहारेकरी डबा बघून हसला. "मॅडमचा ना? वरच्या मजल्यावर, शेवटची खोली."

शाळेच्या बाईंनी सांगून ठेवलं असेल, असं समजून तो जिना चढला. वर ताज्या रंगाचा वास होता. खोलीत सूक्ष्मदर्शकं मांडलेली होती आणि एक शिपाई पाठमोरा उभा राहून काचेची भांडी पुसत होता.

"टेबलावर ठेवा. ठकी मॅडम वर्गावर आहेत."

"ठकी मॅडम?"

"एवढ्या मोठ्या बाई, पण म्हणतात, मला असंच म्हणा. वडील म्हणायचे ना."

टेबलावर एक फोटो होता. बसपुढे उभा राहून, हात उंचावून एक माणूस हसत होता. तो स्वतःच होता. शर्टही आजचाच, फक्त वरचं बटण तुटलेलं.

"तेच वडील," शिपाई मागे न बघता म्हणाला. "मॅडमना इथे प्रवेश मिळाला आणि त्याच आठवड्यात गेले बिचारे. पण त्यांनी हो म्हटलं म्हणून मी इथे आहे, असं मॅडम येईल त्याला सांगतात."

त्याचा हात गळ्यापाशी गेला. बटण जागेवर होतं.

डबा ठेवून तो खाली आला. त्याचा ऊर भरून आला होता. ठकी मॅडम! दारात पहारेकरी नव्हता. त्याची खुर्चीही नव्हती.

"वर कुठे गेला होतात, काका?" मुलांना घेऊन आलेल्या बाईंनी विचारलं. "वरचा मजला अजून बांधायचाय."

त्यानं मान वर केली. गच्चीवर उघड्या लोखंडी सळया होत्या आणि त्यांच्यावर आकाश.

"ठके, इथे शिकायचंय?"

ठकीनं त्याच्याकडे रोखून बघितलं. "आणि मामाचं दुकान? मामी बोलली मला."

"मामा बघेल त्याचं दुकान. तू इथे यायचंस."

तिनं किंचाळून त्याच्या गळ्यात उडीच मारली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या पिटल्या. कुणीतरी बसचा हॉर्न दाबून धरला.

"काका, गाडीपुढे उभे राहा, फोटो काढते!" बाईंनी मोबाइल वर धरला.

टायर बघतो म्हणून बाजूला होता आलं असतं.

तो लेकीकडे बघत राहिला. मग गाडीपुढे ताठ उभा राहिला, हात उंचावला आणि मनापासून हसला.

पायाशी टक् असा बारीक आवाज झाला. त्यानं खाली पाहिलं नाही.