बुरुजाच्या दारावरचा ओला चिखल

माझ्या भावाला, मेल्कोरला, लाज म्हणून नाही. मी घरी बकऱ्याचं कालवण रांधायचं, झाकून ठेवायचं, आणि या बाबाने मक्याच्या भाकऱ्या, तोर्तिया, फडक्यात बांधून टेकाडावरच्या बुरुजात जाऊन बसायचं! रोज. विचारलं तर म्हणतो, "एल्विरिताला भूक लागली असेल."

एल्विरिता त्याची लेक. गेल्या पावसाळ्यात कोरड्या ओढ्याला एकाएकी लोंढा आला आणि पोरीला घेऊन गेला. मागोमाग बायको माहेरी गेली, ती परतलीच नाही.

आता सांगते ते ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल उठून जावं. न्यू मेक्सिकोच्या या ओहो आमार्गो गावात माझी हयात गेली. थापा मारायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो, त्याच्या सणाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. टेकाडावर ऊन होतं अजून.

बुरुज आमच्या पूर्वजांचा. घोडेस्वारांचे हल्ले व्हायचे तेव्हा अख्खं गाव त्यात शिरायचं आणि दाराला अडसर लावायचं. विद्यापीठाच्या माणसांनी तो खणून काढला, नवं दार बसवलं, आणि भिंती लिंपायला मेल्कोरला ठेवलं. आमच्यात लिंपण बायकांचं काम. पण त्याच्या घरात बाई उरली होती कुठे?

दिवसा तो दाराशेजारची भिंत लिंपायचा. सकाळी जाऊन बघावं तर ओल्या मातीवर...

लहान हात.

आणि दारावर चिखल. दाराला त्याने हातसुद्धा लावलेला नव्हता.

एल्विरिता आईबरोबर लिंपायला बसायची. मेल्कोरने काय समजायचं ते समजून घेतलं. तेव्हापासून कालवलेल्या मातीचं घमेलं आणि तोर्तियाचं फडकं तो रोज दाराबाहेर ठेवायचा आणि आत जाऊन बसायचा.

म्हटलं, आज याला कान धरून खाली आणते. टेकाड चढले आणि बुरुजाच्या दारातूनच त्याला हाक मारली.

"ताई, हळू बोल," तो आतून कुजबुजला. "ती बुजते."

"या वयात मला टेकाड चढायला लावलंस. माझे गुडघे बोंबलतायत, आधी त्यांना सांग हळू बोलायला!"

त्याने मला आत ओढलं आणि अडसर घातला. "दार लावल्याशिवाय ती येत नाही."

बसलो. वारा पडला. मग कावळे गप्प झाले. खालच्या गावातलं एकही कुत्रं भुंकेना...

थप.

दारावर. बाहेरून.

थप... थप...

मेल्कोरचा चेहरा उजळला. किती महिन्यांनी! "ऐक ताई. अगदी तिच्या आईसारखं लिंपतेय ना?"

मी ऐकलं. जन्मभर भिंती लिंपल्यात मी. पोरं खेळतात तेव्हा थापतात, थांबतात, खिदळतात. हे खेळणं नव्हतं. मूठभर चिखल, थप. मूठभर चिखल, थप. दम लागलेल्या माणसाची घाई होती ती.

आणि मला आजीची गोष्ट आठवली.

आजी मोठ्या तोऱ्यात सांगायची: "जळते बाण आले, पण आपलं दार पेटलं नाही. बाहेरून ओला चिखल थापला होता ना! सगळे वाचले."

बाहेरून थापला... कोणी?

हे कधी कोणी विचारलं नाही. आमच्या घरात तेव्हा एक पोर होती. वाळवंटापलीकडून धरून आणलेली, एका खेचराच्या बदल्यात घेतलेली. बाप्तिस्मा केला, आमचं आडनाव दिलं, आणि पाणी भरायला लावलं. तिचं नाव आजीला ठाऊक नव्हतं. सगळे वाचले म्हणजे आपले सगळे.

थापणं थांबलं.

मग लाकडावर नखं... वरून खाली. सावकाश.

"मेल्कोर, दार उघड."

"नाही!" तो अडसराला बिलगला. "एकदा उघडलं होतं. ती गेली. ताई, पाया पडतो, एकदा हातातून सुटलीये ती, आता पुन्हा नको."

"ती एल्विरिता नाही रे."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू पोरीला मीच ओढ्यात ढकललं होतं.

मी त्याला बाजूला लोटलं. अडसर काढला.

बाहेर कोणी नव्हतं. फडक्यातली तोर्तिया तशीच. धुळीत माझी आणि त्याचीच पावलं. दारावर मात्र माझ्या कमरेइतक्या उंचीपर्यंत ताजा चिखल. अजून ओघळत होता. त्यावर बोटांचे ओरखडे.

घमेलं मी पाहिलं. माती जशीच्या तशी, वर साय धरलेली. मग हा चिखल कुठला? आजही मला ठाऊक नाही. आजही दिवेलागणीला माझं दार वाजलं की मी आधी उघडते, मग विचारते कोण आहे.

मेल्कोर उंबरठ्यावर कोसळला होता. लहान पोरासारखा माझी शाल ओढत होता. "लाव ना ताई, दार लाव. लावलं की ती परत येईल."

माझ्याही डोळ्यांना धार लागली होती. पण मी त्याची हनुवटी धरून मान वर केली आणि म्हटलं,

"तुझी लेक पाण्यात गेली, मेल्कोर. ती आता येणार नाही. आणि तू रोज जिच्या तोंडावर हे दार लावतोस ना, तिच्या तोंडावर आपण ते आधीच एकदा लावलंय."