पहिला थेंब

चमचा बाळाच्या ओठांपाशी पोचलाच होता, इतक्यात सोराइदा धापा टाकत अंगणात शिरली.

त्या बंदरावरच्या कोळ्यांच्या घरात लेकराला पहिला दात आला, की आजीने आपल्या हाताने सेविचेचा, लिंबाच्या रसात मुरलेल्या कच्च्या माशाचा, एक थेंब त्याच्या जिभेवर सोडायचा. पहिला थेंब बाळाला, मगच पाहुण्यांना. आज छोट्या नेलीचा तो दिवस होता. सारी आळी अंगणात जमली होती आणि हेर्लिंदाबाई नातीला मांडीवर घेऊन कौतुकाने ओथंबल्या होत्या...

"आई, नको! देऊ नका!"

कुणाला काही कळायच्या आत सुनेने सासूच्या हातातला चमचा हिसकावला आणि शेजारचं भरलेलं घमेलं दोन्ही हातांनी उलथं केलं. कांदा, मिरची, माशाचे पांढरेशुभ्र तुकडे, सगळं वाळूत!

"वेड लागलं का गं तुला?" हेर्लिंदाबाई ओरडल्या. "माझ्या लेकाची होडी किनाऱ्याला पडून आहे, परदेशी व्यापारी आपली मासळी परत पाठवताहेत, या घराची चूल माझ्या एकटीच्या सेविचेच्या गाडीवर पेटतेय... आणि तू माझा मासा मातीत घालतेस? डोंगरातून आणलेली पोर! तुला काय कळणार मासा म्हणजे काय ते!"

"आई, रेडिओवर सांगताहेत, कॉलरा कच्च्या माशातून..."

"रेडिओवाले! काट्याचा मासा वाढला तर घशात अडकवून घेतील मेले, आणि मला शिकवणार? लिंबू सगळ्याला मारतं! माझी सासू समुद्राच्या पाण्यात मासा धुवायची, मीही धुते. मेलंय कुणी आजवर?"

मेलंय कुणी...!

सोराइदा आत्ताच दवाखान्यातून आली होती. शेजारचे कासियानो, तिच्या दिवंगत सासऱ्यांचे होडीवरचे जन्माचे सोबती, तिथे फरशीवर निपचित पडले होते. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी सुरकुतलेली. "काका, काल काय खाल्लंत?" असं नर्सने विचारलं तेव्हा ते कसेबसे पुटपुटले होते, "हेर्लिंदाच्या... गाडीवर."

गावाचं सांडपाणी आणि माशांचं पीठ करणाऱ्या कारखान्याची घाण धक्क्याखालीच समुद्रात उतरायची. त्या उन्हाळ्यात समुद्र कधी नव्हे इतका कोमट आणि हिरवट झाला होता, आणि आई मासा धुवायच्या त्या धक्क्याच्याच पाण्यात. टँकरचं पाणी विकतचं, ते जपून प्यायला; समुद्र मात्र फुकटचा!

पण हे सांगायचं कोणत्या तोंडाने? पलीकडच्या वस्तीत कॉलऱ्याचा आळ घेऊन लोकांनी अशाच एका बाईचं दुकान परवाच पेटवून दिलं होतं. आणि आपल्याच हातच्या घासाने कासियानोंना पाडलं हे कळलं असतं, तर या मानी जीवाने जगणंच टाकून दिलं असतं...! बाळ वाचलं, पाहुणे वाचले. बाकीचं आपण सोसू. सोराइदाने मान खाली घातली.

"बघा रे सगळ्यांनी!" हेर्लिंदाबाई गरजल्या आणि घमेल्याच्या तळाला चिकटलेले तुकडे बोटांनी ओरबाडून त्यांनी तोंडात टाकले.

"आई!!"

"गप्प! आजपासून तुझ्या हातचं पाणीसुद्धा मला वर्ज्य!"

तिच्या नवऱ्याने, नेस्तोरने, बाळाला उचलून कडेवर घेतलं. "सोरा, अगं बोल ना काहीतरी! असं का केलंस?"

त्याला सांगितलं तर ते आईंच्या कानी जाणारच; ती वाकून वाळूतले तुकडे गोळा करू लागली. त्या दिवसापासून सासूच्या हुकमाने ती परसातल्या चटयांच्या झोपडीत निजू लागली. नेली तिच्याकडे यायची ती फक्त दूध प्यायला. दूध पिता पिता लेकरू तिच्या गालाला हात लावी, आणि तिला हुंदका आवरत नसे.

कासियानो दुसऱ्या दिवशी गेले. कॉलऱ्याच्या धास्तीने गाडीकडे कुणी फिरकेना. आणि त्यानंतरच्या सकाळी हेर्लिंदाबाई उंबऱ्यातच कोसळल्या.

दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, सलाइनही संपलेलं. "घरीच पाजा," नर्स नेस्तोरला म्हणाली, "खळखळून उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर घाला आणि चमच्याचमच्याने देत राहा. थांबलात तर बाई हातची जाईल." घरातलं रॉकेल एका भांड्यापुरतं होतं. ते पाणी निवत ठेवून तो डबा घेऊन रॉकेल शोधायला पळाला.

आता खोलीत दोघीच. सोराइदाने चमचा पुढे केला. सासूने दात घट्ट आवळले.

"तुझ्या... हातचं... नाही."

"आई, पाया पडते तुमच्या! बरं वाटलं की मला हवं तर घराबाहेर काढा, पण हा एवढा घोट..."

पाणी हनुवटीवरून ओघळून उशीत जिरलं. पुन्हा चमचा. पुन्हा आवळलेले दात. क्षणाक्षणाला ते ओठ निळसर होत चालले होते... आणि तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

दारात कासियानोंची बायको, ओब्दुलिया! अंगावर काळे कपडे, केस विस्कटलेले.

"नर्सने सगळं सांगितलं मला! तुमच्या गाडीवरचं खाऊन माझा माणूस गेला! कुणी धुतला होता तो मासा? बोल! कुणी धुतला?"

बाहेर लोक जमत होते. कुणाच्या तरी हातात काठी होती. सोराइदा उठली आणि खाट झाकली जाईल अशी दारासमोर उभी राहिली.

"मी," ती शांतपणे म्हणाली. "मावशी, मी धुतला होता. आईंना ठाऊकसुद्धा नाही. काय करायचं ते माझं करा..."

ओब्दुलियाचा हात वर गेला.

"खोटं...!"

सोराइदा गर्रकन वळली. हेर्लिंदाबाई कोपरावर उठायची धडपड करत होत्या.

"खोटं बोलतेय ती, ओब्दुलिया... डोंगरातली म्हणून... मी तिला कधी माशाला हातच लावू दिला नाही." त्यांच्या कोरड्या डोळ्यांतून पाणीही येत नव्हतं. "माझे हात... हे माझे हात..." मग सुनेकडे पाहत त्या म्हणाल्या, "तुला तेव्हाच ठाऊक होतं ना गं? म्हणून उलथलंस... आणि माझ्या शिव्या खाल्ल्यास... माझ्यासाठी?"

"आई, बोलू नका. आधी प्या!"

आणि हेर्लिंदाबाईंनी तोंड उघडलं... एखाद्या लेकरासारखं!

ओब्दुलियाचा हात खाली आला. मग बाहेरच्या लोकांना हाताने मागे सारत ती निघून गेली, आणि परतली ती हातात कागदाची पुडी घेऊन. "साखर आहे," भिंतीकडे पाहत ती म्हणाली. "त्यांच्यासाठी आणली होती. उरली."

नेस्तोर रिकामाच डबा घेऊन आला. "रॉकेल कुठ्ठेच नाही, सोरा! साऱ्या गावात नाही!"

भांड्यात चार घोट पाणी उरलं होतं.

"गाडी फोड," खाटेवरून आवाज आला.

"आई, अगं बाबांनी बांधलेली ती..."

"फोड म्हणते ना! तुझे बाबा असते तर त्यांनीच कुऱ्हाड घेतली असती."

निळ्या रंगाच्या त्या फळ्या, ज्यांवर हेर्लिंदाबाईंच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने होडीचं नाव रंगवलं होतं, चुलीत धडधडून पेटल्या. दिवस मावळेपर्यंत त्यांवर पाणी उकळत होतं आणि सून चमचा चमचा करत होती.

आठवड्याने हेर्लिंदाबाई भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांनी नेलीला मागून घेतलं. वाटीत निवलेलं पाणी होतं. त्यांनी चमचा भरला, बाळाकडे नेला, आणि मध्येच थांबून तो सुनेच्या हातात दिला.

"पहिला थेंब तू दे."

"पण आई, तो मान आजीचा असतो..."

"तुझ्यामुळेच उरलाय तो," त्या म्हणाल्या. आणि मग एकदम जुन्याच करड्या आवाजात, "पाणी नीट उकळलंयस ना गं?"

"खळखळून, आई!" डोळे पुसत सोराइदा हसली, आणि तिने चमचा लेकीच्या ओठांना लावला.