चढावर थांबणारा वायपर

मला सगळे थाप्या म्हणतात. म्हणोत. साठ वर्षांत इतक्या थापा मारल्यात की माझा माझ्यावरच भरवसा उरलेला नाही. पण हे घडलंय. बुधवार होता, दुपारचे पावणेचार, घाटातलं चौथं वळण, आणि शेजारी माझी सख्खी थोरली बहीण बसली होती.

तिला विचारा. ती खोटं बोलत नाही.

माझं जुन्या गाड्यांचं गॅरेज आहे. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, शिंपी होते. माप घेताना श्वास रोखून धरणारा माणूस. त्यांनी हौसेनं माझ्याकडची एक म्हातारी गाडी घेतली. आठवड्यानं आले आणि विचारू लागले, चढ लागला की वायपर थांबतो, काही बिघडलंय का?

काही बिघडलं नव्हतं.

त्या काळच्या गाडीत वायपरला विजेची मोटर नसते. इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीवर एका रबरी नळीतून वायपर चालतो. ॲक्सिलरेटर दाबला की ती ओढ कमी होते. म्हणजे चढावर, नेमका हवा तेव्हाच, वायपर बसतो. उपाय सोपा. क्षणभर पाय उचलायचा. वायपर दोन फटके मारतो, काच साफ.

सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

पण समोर एवढा भाबडा माणूस... माझी जीभ वळवळली. मी सांगितलं की आधीचे मालक म्हातारे होते, गाडीतच गेले. अजून तेच काच पुसतात. चढावर त्यांना दम लागतो, तेव्हा अदबीनं म्हणायचं, "आजोबा, जरा काच पुसा ना."

दाजी गंभीरपणे मान हलवून गेले. मी पोट धरून हसलो. दोन दिवसांनी खरं सांगू, असं ठरवलं.

राहून गेलं.

सतराव्या दिवशी धो धो पावसात त्यांची गाडी घाटात झाडावर आदळली. मागच्या ट्रकवाल्यानं त्यांना बाहेर काढलं, पण दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले. पुढे त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, गाडीत अजून कोणी होतं का? कारण शेवटपर्यंत ते कुणा आजोबांना काच पुसायला सांगत होते...

मी म्हटलं, कोणी नव्हतं.

ताईनं तीनदा विचारलं, गाडीत दोष होता का. मी तीनदा नाही म्हटलं. ते खरंच होतं. खरं बोलूनही तोंड कडू होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तीन महिन्यांनी, मी गाडी दुरुस्त केल्यावर, ती म्हणाली, मला ती जागा दाखव. मी शंभर कारणं सांगितली. ती सरळ गाडीत जाऊन बसली.

घाट लागला. पाऊसही लागला. वायपर मंदावला...

थांबला.

मी पाय उचलला.

वायपर हलला नाही.

बॉनेटखालून बारीक आवाज येत होता... सूंऽऽ. मी ओळखला. नळी निसटली होती. आता वायपर हलणं शक्यच नव्हतं. काचेवर नुसतं पाणी. मागे ट्रक चिकटलेला, थांबायची सोय नाही.

तेवढ्यात ताई हळूच म्हणाली...

"आजोबा, जरा काच पुसा ना."

हे तिला मी कधीच सांगितलं नव्हतं; दाजींनीच सांगितलं असणार.

आणि पातं उठलं.

एकदा... दोनदा... तीनदा.

समोर, हातभर अंतरावर, ते झाड होतं.

मी चाक फिरवलं. कसं फिरवलं, आठवत नाही.

वर सपाटीला गाडी लावून बॉनेट उघडलं. नळीचं टोक लोंबत होतं. क्लिपचा पत्ताच नव्हता.

तिथेच, पावसात उभा राहून, मी ताईला सगळं सांगितलं. आजोबा वगैरे कोणी नाहीत, ती माझी थाप होती.

ती काचेकडे बघत राहिली.

"मग आत्ता कोणी पुसलं?"

मी नळीचं लोंबतं टोक तिला दाखवलं.

ती म्हणाली, "मला वाटायचं, तुझ्या दाजींनीच घाईनं गाडी दामटली. तीन महिने रोज त्यांच्या फोटोला बोलत होते रे मी. नको नको ते बोलले."

एका जुन्या मेकॅनिकनं सांगितलं, नळीत थोडी ओढ उरली असेल. मी मान डोलावली. उरलेल्या ओढीवर पातं फार तर बोटभर सरकतं. हे अख्खी काच पुसून गेलं होतं... सावकाश, या कडेपासून त्या कडेपर्यंत, शिंप्यानं कापडावरची खडूची रेघ झटकावी तसं.

गाडी आता गॅरेजच्या मागे झाकून ठेवलीय. विकवत नाही, मोडवत नाही.

ताई माझ्याशी बोलते. समोर बसवून जेवायला वाढते. फक्त मी काही सांगायला लागलो... अगदी बाहेर पाऊस आलाय, एवढंच... तरी ती हातातलं काम ठेवून उठते, खिडकीशी जाते आणि स्वतः बघून येते.