ओवेन

माझ्या मित्राचा, गिरीशचा फोन आला तेव्हा मी अमेरिकेतल्या डब्लिनच्या इंडियन ग्रोसरीत कोथिंबीर निवडत होते.

"शरयू, तू स्ट्रोकच्या पेशंटना बोलायला शिकवतेस ना? माझ्या सासऱ्यांना बघशील? मेव्ह फार खचलीय यार."

सासरे म्हणजे त्याच्या बायकोचे, मेव्हचे वडील, लोर्कन टियर्नी. आयर्लंडमधल्या कोळ्यांच्या गावात जन्मले, पहिल्याच कादंबरीनं जगभर गाजले, मग अमेरिकेत येऊन शिकवत राहिले. ती कादंबरी लहानपणी बुडालेल्या जुळ्या भावावर, ओवेनवर होती. नंतरची पुस्तकंही फिरून फिरून त्याच समुद्रावर यायची. घरात मात्र माणूस कडवट. दारू, आरडाओरडा. आपल्याला त्यांनी कधी जवळ घेतल्याचं मेव्हला आठवत नव्हतं. आणि आता स्ट्रोकनं त्यांचा उजवा हात लुळा पडला होता, तोंडून एक शब्द फुटत नव्हता.

मी चित्रं दाखवायचे. कप, किल्ली, कुत्रा. ते नुसते बघत राहायचे. एका सकाळी होडीचं चित्र पुढे धरलं, तर म्हणाले, "गार."

मग शब्द येतच गेले. पण बोलणं एखाद्या लहान मुलासारखं. पाणी मागितलं तेही 'प्लीज' म्हणून. मेव्हचा हात धरून तिला शेजारी बसवलं. ती हमसून हमसून रडली.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, "तुमचं नाव?"

"ओवेन."

स्ट्रोकनंतर असा गोंधळ होतो, मी मेव्हला समजावलं. पण ते बोलत राहिले. "बुडताना आधी सगळ्यांच्या हाका ऐकू येतात. मग फक्त लोर्कनची. तो सांगत राहिला, मी ऐकत राहिलो."

"डॅडनी हे कुठेच लिहिलेलं नाही," मेव्ह हळूच म्हणाली. तिनं त्यांची सगळी पुस्तकं वाचलेली.

काही आठवड्यांनी तीच म्हणाली, "शरयू, आता सेशन्स थांबवू या."

"अजून ते स्वतःला ओवेन म्हणतात, मेव्ह."

"ते मला रोज गुड मॉर्निंगही म्हणतात. मला तेवढं पुरे."

गिरीश किचनमधून म्हणाला, "खरं सांगू? घरात पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतोय आम्ही."

मलाही हलकंच वाटलं. पेशंट बोलत होता, जेवत होता, हसत होता. आणखी काय हवं?

शेवटच्या भेटीत ते खिडकीपाशी उन्हात बसून डाव्या हातानं सूप पीत होते. निघता निघता मी गमतीनं विचारलं, "आणि लोर्कन कुठेयत?"

त्यांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं.

"आत आहे. लिहितोय."

मांडीवरचं ब्लँकेट सरकलं. खाली त्यांचा लुळा पडलेला उजवा हात होता.

बोटं चिमटीत जुळली होती. हात डावीकडून उजवीकडे सरकत होता. गुडघ्याच्या कडेला पोचला की उचलला जायचा आणि पुन्हा डावीकडून सुरू व्हायचा. भराभर.

त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. ते मेव्हकडे मीठ मागत होते.