मौनात बसवलेला दाणा

त्या काळी सोलापुरात पन्नाशी गाठलेल्या बहुतेक बायांच्या दंडात जाणबी असे, तशी ती शर्वरीबाईंच्याही दंडात होती. जाणबी म्हणजे कातडीखाली बसवलेला तिळाएवढा दाणा. पाळी जाताना अंगातलं इस्ट्रोजेन आटतं आणि बाई आतून पेटते. हा दाणा रक्त, झोप, अंगाची धग, अगदी आवाजाची धारसुद्धा जोखायचा आणि लागेल तेवढंच इस्ट्रोजेन सोडायचा. दाण्याआधी शर्वरीबाई भाकरीच्या तव्यासमोर कोसळल्या होत्या. दाण्यानंतर कडक भाकरीची सगळी भट्टी, कामाच्या बायांसकट, त्यांनी पुन्हा एकट्या जिभेच्या धाकावर चालवली.

आणि आता, पाळी कधीच बंद झालेली असताना, अंगावरून परत लाल जायला लागलं. त्यांनी चकार शब्द काढला नाही. सुनेनं, ईरानं, धुण्यात पाहिलं आणि दवाखान्यात ओढून आणलं. तपासण्या झाल्या.

“लपवलंत का, काकू?” डॉक्टर हिप्परगींनी विचारलं.

“सांगितलं असतं तर दाणा उपटला असतात. मग तव्यासमोर काय तुम्ही उभ्या राहणार होतात?”

“कर्करोग नाही निघाला. पण गर्भपिशवीचं अस्तर जाड झालंय. नुसत्या इस्ट्रोजेननं ते वाढतं, म्हणून तर सोबतीची गोळी देतो. गोळी होती तेवढीच राहिली, दाणा मात्र मात्रा चढवत गेला.”

“कशापायी? धग तर केव्हाच गेली.”

“धगीसाठी नाही, आवाजासाठी.” डॉक्टरांनी पडद्यावरची रेघ दाखवली. “बसवल्यावर पहिल्या आठवड्यात दाणा बाईचा मूळ स्वभाव शिकतो. तुमच्या त्या आठवड्यात आवाजच नाही.”

ईरा हळूच म्हणाली, “आई, तेव्हा तुमचं चातुर्मासातलं मौन होतं.”

म्हणजे दाण्याच्या लेखी शर्वरीबाई ही एक मुकी, गरीब बाई. तिनं कुणाला झापलं की ते दुखणं, आणि दुखण्याला थोडं औषध जास्त.

“मग शिकवा की त्याला परत. सांगा, ही बाई जन्मापासून फाटक्या तोंडाची आहे.”

“तो एकदाच शिकतो. काढून नवा बसवायचा तर जुन्याचा अंमल उतरेपर्यंत वर्षभर औषधाविना राहावं लागेल.”

कुणापुढं कधी न वाकलेल्या शर्वरीबाईंनी डॉक्टरांचा हात धरला. “वर्ष नाही हो निघणार. जळून जाईन मी.”

“सोबतीची गोळी वाढवते. पण मात्रा आणखी चढली तर दाणा काढणार. आणि रक्त दिसलं की त्याच दिवशी यायचं.”

“चढू नये म्हणून मी काय करायचं?”

डॉक्टरांनी पडद्यावरच्या आवाजाच्या रेघेवर बोट ठेवलं.

“असं होय,” शर्वरीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भट्टीवर एकीनं फरशीसारखी जाड भाकरी तव्यावर टाकली. शर्वरीबाईंच्या ओठांपर्यंत शब्द आला. त्यांनी तो गिळला. बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

“किती बरं वाटतंय ना काकूंना,” एक कुजबुजली.

मग दुसरीनंही तसलीच जाड भाकरी टाकली. ईरानं सासूकडे पाहिलं आणि पुढं होऊन, जाड भाकरी आतून कच्ची राहू नये म्हणून, तव्याखालची आच स्वतःच कमी केली.